जंतूंविना पू

भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गादीवर बसणारा माणूस बाजारपेठेत सहज ओळखू येतो. गिऱ्हाइकाने नोट पुढे केली की त्याचा हात क्षणभर उशिरा पुढे येतो. मोड परत देताना तो ती समोरच्याच्या तळहातावर न ठेवता फळीवर ठेवतो, आणि कोणी विचारलेच तर 'उष्णता झाली आहे' एवढे सांगून विषय संपवतो. घरी त्याचा टॉवेल निराळा झालेला असतो. मुलीसाठी स्थळे पाहण्याची वेळ आली की आजाराचे नाव बाहेर काढायचे नाही, असे वडीलधारे एकमताने ठरवून टाकतात. सोरायसिस हा शब्द ऐकताच समोरच्याच्या डोळ्यांत महारोगाची सावली उमटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालेले असते.

ही सावली आजची नाही. युरोपात शतकानुशतके अंगावर खवले असलेल्या माणसाची गणना कुष्ठरोग्यांत होत असे आणि त्याला तशीच वागणूक मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे वैद्य रॉबर्ट विलन यांनी या विकाराचे बारकाईने वर्णन केले, आणि १८४१ मध्ये व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी तो कुष्ठरोगाहून सर्वस्वी भिन्न असल्याचे ठामपणे मांडले. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका पलंगावर झोपल्याने अथवा एकाच पाण्याने अंघोळ केल्यानेही पसरत नाही. शास्त्रापुरता हा वाद केव्हाच मिटला. तरीही मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेला ठराव करून सोरायसिसची दखल घ्यावी लागली, आणि चुकीच्या निदानाबरोबरच समाजाच्या तिरस्कारामुळेही असंख्य माणसे नाहक दुःख भोगतात, असे नमूद करावे लागले. टॉवेल वेगळे होण्याची रीत केवळ आपल्याकडचीच नाही, एवढेच त्यावरून कळते.

तथापि या आजाराचा एक प्रकार असा आहे, की तो पाहिल्यावर सुशिक्षित माणसाचाही 'हा संसर्गजन्य नाही' या वाक्यावर विश्वास बसत नाही. नेहमीच्या सोरायसिसमध्ये कोपर, गुडघे, पाठ, डोक्याची त्वचा अशा ठिकाणी लाल चट्टे उठतात आणि त्यांवर रुपेरी खवले धरतात. या दुसऱ्या प्रकारात मात्र अंग एकाएकी लाल होते, आगआग होते, थंडी वाजून ताप भरतो, आणि काही तासांत त्या लाल त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे-पिवळे फोड शेकड्यांनी उमटतात. ते एकमेकांत मिसळतात आणि पुवाची तळी होतात. एक-दोन दिवसांत ती वाळतात, साल निघते आणि पुन्हा नवी लाट येते. वैद्यकात याला जनरलाइज्ड पस्ट्युलर सोरायसिस म्हणतात. लिओ फॉन झुंबुश यांनी १९१० मध्ये याचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांच्या रुग्णाला कित्येक वर्षे साधा सोरायसिस होता. पुढे अशा पूयुक्त लाटा येऊ लागल्या आणि त्याला पुनःपुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले.

पू म्हणजे जंतू, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. गळू, नखुरडे, चिघळलेली जखम या सर्वांनी ते शिकवले आहे. म्हणून अशा रुग्णाच्या फोडातील पू प्रयोगशाळेत पाठवला जातो आणि प्रतिजैविके सुरू होतात. दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो : जंतूंची वाढ नाही. नातेवाईक म्हणतात, नमुना नीट घेतला नसेल. पुन्हा पाठवतात. पुन्हा तेच उत्तर. फोड पुवाने भरलेला आणि त्यात जंतू एकही नाही, हे कोडे ज्याला उलगडले त्याला या आजाराचे अंतरंग निम्म्याहून अधिक उलगडले असे म्हणता येईल.

काट्याभोवती जमलेला घोळका

पू म्हणजे मुख्यतः रक्तातील एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा ढीग, काही मेलेल्या, काही मरू घातलेल्या. त्यांचे नाव न्यूट्रोफिल. हे नाव अपरिचित वाटले, तरी प्रत्येक घरात ते येऊन गेलेले असते. रक्ततपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येखाली त्यांची टक्केवारी छापलेली असते, आणि त्यांत बहुधा पहिली ओळ न्यूट्रोफिलची असते. निरोगी प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक वाटा यांचाच असतो. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख निरनिराळ्या रंगद्रव्यांत पेशी बुडवून त्यांचे वर्गीकरण करीत होते; ज्या पेशींतील कण आम्ल अथवा अल्कधर्मी रंगाऐवजी उदासीन रंग धरीत, त्यांना त्यांनी हे नाव दिले.

त्यांचे काम काय, याचा पहिला सुगावा १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना गावी लागला. रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ तेथे समुद्रकाठी राहत होते. घरची मंडळी सर्कस पाहण्यास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की बाहेरून काही आत घुसले तर या पेशी तिकडे धाव घेतील काय? बागेतील गुलाबाचा काटा त्यांनी पिलाच्या त्वचेखाली खुपसून ठेवला. सकाळी पाहिले तो काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला. आपल्या बोटात कुसळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी भोवती जे पिवळे टोक धरते, त्याचेच हे मूळ चित्र होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना विभागून मिळाले. दोघे मात्र रोगप्रतिकाराच्या दोन परस्परविरोधी पक्षांचे अध्वर्यू मानले जात.

न्यूट्रोफिलचा हिशेब व्यापाऱ्याला थक्क करणारा आहे. हाडांतील मज्जेत दररोज सुमारे शंभर अब्ज नवे न्यूट्रोफिल तयार होतात. रक्तात त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. म्हणजे हा माल साठवून ठेवायचा नाहीच. रोज नवा आणायचा, रोज खर्ची टाकायचा. जंतू दिसला की न्यूट्रोफिल त्याला गिळतो, आपल्या पोटातील कणांत साठवलेली तीव्र विकरे त्याच्यावर ओततो, आणि कपडे पांढरे करण्याच्या द्रावणात असते तशाच जातीचे रसायन जागच्या जागी तयार करतो. पुवाला कधीकधी जी हिरवट झाक येते, ती या रसायनाच्या निर्मितीत भाग घेणाऱ्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराची. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवली. प्रसंगी न्यूट्रोफिल स्वतःच्या केंद्रकातील डीएनएचे धागे बाहेर फेकून त्यांचे जाळे विणतो आणि त्यात जंतू अडकवतो. बहुधा या कामी स्वतःचा प्राणही देतो.

ज्या बालकांत जन्मतःच या पेशींची तीव्र उणीव असते त्यांचे हाल पाहिले, म्हणजे न्यूट्रोफिलला शत्रू म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. साध्या फोडाचेही त्यांच्यात रक्तदोषात रूपांतर होते. पण या सैनिकाच्या अंगी एक मर्यादा आहे. बोलावले की तो येतो, आणि आला की शस्त्र चालवतो. बोलावणे खरे होते की खोटे, याची शहानिशा करण्याइतके त्याचे आयुष्यच नसते.

१८९८ मध्ये सिडनीचे डॉक्टर विल्यम मन्रो यांनी सोरायसिसच्या अगदी कोवळ्या चट्ट्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरात न्यूट्रोफिलच्या इवल्याशा वाट्या भरलेल्या त्यांना आढळल्या. डोळ्यांना जेथे केवळ लाल चट्टा आणि कोरडा खवला दिसतो, तेथेही पू होताच. तो सूक्ष्म होता एवढेच. आजही त्या वाट्यांना मन्रो यांचेच नाव आहे. साधा सोरायसिस आणि पूयुक्त सोरायसिस यांच्यातील नाते तेथे दिसून आले. मग काटा कोठे आहे, जंतू कोठे आहे, हा प्रश्न मात्र पुढील शतकभर तसाच राहिला.

हाक कोण मारतो

उत्तर त्वचेतच होते. त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना केरॅटिनोसाइट म्हणतात. खालच्या थरात त्या जन्मतात, हळूहळू वर सरकतात, आणि साधारण महिनाभराने मृत पापुद्रा होऊन गळून पडतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या चार-पाच दिवसांत उरकतो. कच्चा माल बाजारात आल्यासारख्या अपक्व पेशींचा थर वर साचतो, तोच खवला. फार काळ समजूत अशी होती, की बिघाड या पेशींच्या वाढीतच आहे. औषधेही वाढ रोखणारीच दिली जात. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध अन्य कारणासाठी दिले असता काही रुग्णांचा सोरायसिसही निवळला, आणि अभ्यासकांचे लक्ष रोगप्रतिकारक पेशींकडे वळले.

शरीरातील पेशी एकमेकींशी बोलतात त्या प्रथिनांच्या चिठ्ठ्यांनी. अशा बहुसंख्य चिठ्ठ्यांना इंटरल्युकिन म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. साध्या सोरायसिसमधील पत्रव्यवहार आता बराचसा वाचता आला आहे. त्वचेतील पहारेकरी पेशी आयएल-२३ नावाची चिठ्ठी पाठवतात. ती मिळताच टी-पेशींचा एक गट आयएल-१७ सोडू लागतो. आयएल-१७ पोहोचते केरॅटिनोसाइटकडे, आणि त्या दोन कामे करतात. स्वतः भराभर वाढतात, आणि न्यूट्रोफिलला बोलावणारी रसायने रक्ताच्या दिशेने सोडतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ते आयएल-८. केशवाहिनीतून जाणाऱ्या न्यूट्रोफिलला त्याचा गंध लागतो, तो भिंतीला चिकटतो, फटीतून बाहेर पडतो आणि जेथे गंध दाट होत जातो तिकडे चालू लागतो. थेट त्वचेच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतो. तेथे काटा नसतो, जंतू नसतो. काट्याची बातमी तेवढी असते.

पूयुक्त प्रकारात या हाकेचा आवाज कैक पटींनी मोठा होतो, आणि तो मोठा करणाऱ्या चिठ्ठीचे नाव आहे आयएल-३६. ती खुद्द केरॅटिनोसाइटच लिहितात. त्वचा ही बाहेरच्या जगाची वेस असल्याने धोक्याची पहिली वर्दी तिनेच द्यावी, हे योग्यच होय. पण निसर्गाने ही वर्दी घडी घालून, मोहोरबंद अवस्थेत ठेवली आहे. आयएल-३६ जेव्हा पेशीतून बाहेर पडते तेव्हा ती जवळजवळ निष्क्रिय असते. तिच्या टोकाचा लहानसा तुकडा छाटला गेला तरच ती कामाला लागते. हा तुकडा छाटतो कोण? २०१६ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की ही छाटणी न्यूट्रोफिलच्या कणांतील विकरे करतात, आणि त्यामुळे आयएल-३६ ची शक्ती सुमारे ५०० पटींनी वाढते.

हा क्रम क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. आयएल-३६ केरॅटिनोसाइटला सांगते, न्यूट्रोफिलला बोलाव. न्यूट्रोफिल येतो, मरतो, त्याची विकरे सांडतात. त्या विकरांनी अधिक आयएल-३६ जागी होते. ती अधिक न्यूट्रोफिल बोलावते. आग विझवण्यास आलेल्या माणसांच्या बादल्यांतच तेल असावे, तसा हा प्रकार आहे. मृत न्यूट्रोफिलने फेकलेली डीएनएची जाळी त्वचेतील प्रथिनांशी बांधली जाऊन पहारेकरी पेशींना आणखी चिथावतात, ते निराळेच. एवढ्यावरून दोन दिवसांत अंगभर पुवाची तळी का साचतात हे ध्यानात येईल. कठीण प्रश्न उलट आहे. बोटाला कुसळ रुतलेल्या निरोगी माणसात हे चक्र सुरू होऊनही थांबते कसे?

त्याचे उत्तर ट्युनिशियातील नऊ कुटुंबांनी दिले. उत्तर आफ्रिकेतील या छोट्या देशात काही घराण्यांत पूयुक्त सोरायसिस पिढ्यान्पिढ्या आढळत होता. एकाच घरातील भावंडांना तो होई, आईवडील मात्र निरोगी. नात्यातील विवाहांची चाल तेथे रूढ आहे. ट्युनिशियाच्या आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी या कुटुंबांच्या रक्ताचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात या रुग्णांत एकाच अक्षराची चूक होती, आणि ती आई व वडील अशा दोन्ही बाजूंनी आलेली होती. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा देते, ते प्रथिन म्हणजे आयएल-३६ चा लगाम.

हा लगाम काम कसा करतो, हे वखारीच्या कुलपावरून समजू शकेल. केरॅटिनोसाइटच्या पृष्ठभागावर आयएल-३६ साठी एक कुलूप असते. तिची किल्ली त्यात फिरली की आत गडबड सुरू होते. लगाम म्हणजे त्याच घडणीची दुसरी किल्ली : ती कुलपात बरोबर बसते, पण फिरत नाही. ती बसलेली असेपर्यंत खरी किल्ली आत शिरू शकत नाही. निरोगी त्वचेत अशा न फिरणाऱ्या किल्ल्या पुरेशा असतात, म्हणून काट्याची बातमी काट्यापुरतीच राहते. ट्युनिशियातील त्या भावंडांच्या शरीरात ही किल्ली इतकी ठिसूळ होत होती, की कुलूप सदैव उघडेच. एखादा घसादुखीचा ताप, एखादी गर्भावस्था, एखादे औषध एवढे निमित्त पुरत असे.

अशी चूक एकाच बाजूने आली तर दुसरी निर्दोष प्रत बहुधा सांभाळून घेते, म्हणून ते आईवडील निरोगी होते. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आजही आढळते. ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे पुढील सोयरीक नात्यात जुळवण्यापूर्वी अनुवंशशास्त्राच्या जाणकाराचा सल्ला घेणे शहाणपणाचे. मात्र याचा विपर्यास होऊ नये. पूयुक्त सोरायसिसच्या पुष्कळ रुग्णांत ही जनुकीय चूक सापडतच नाही, आणि सर्वसाधारण खवल्यांच्या सोरायसिसशी तर तिचा संबंध नाही. घरात एकाला चट्टे आहेत म्हणून मुलीचे स्थळ मोडणाऱ्याला ट्युनिशियाच्या संशोधनाचा आधार घेता येणार नाही.

सुईचा मोह

या आजारात जीव जाऊ शकतो. अंगभर सोललेल्या त्वचेतून पाणी आणि प्रथिने वाहून जातात, तापाने हृदयावर ताण येतो, मूत्रपिंड आणि यकृत थकतात, आणि उघड्या पडलेल्या त्वचेतून मागाहून खरे जंतू शिरतात. म्हणून पूयुक्त लाट ही रुग्णालयात दाखल होण्याची बाब आहे, दिवाणखान्यात वाट पाहण्याची नव्हे. गरोदर स्त्रीत, बहुधा अखेरच्या तिमाहीत, अशी लाट आली तर धोका दोघांना असतो. हेब्रा यांनीच १८७२ मध्ये अशा गर्भवतींचे वर्णन केले होते. तिच्या अंगावरचे फोड पाहून 'कांजिण्या आहेत, पाच दिवस वेगळ्या खोलीत ठेवू' असे ठरवण्यात जो वेळ जातो, तो परत मिळत नाही.

आणि या लाटेला निमंत्रण देणाऱ्या कारणांत एक कारण असे आहे, की ते प्रायः आपल्याच हातून घडते. ते म्हणजे स्टेरॉइड अचानक बंद होणे.

घडते ते साधारण असे. लग्नसराई जवळ आलेली असते अथवा दिवाळीचा हंगाम तोंडावर असतो. कोणीतरी सुचवते, अमक्या गावी एक सुई देतात, आठ दिवसांत अंग साफ. ती सुई, ती गोळी, किंवा वैदूने दिलेली बिननावाची पुडी यांत स्टेरॉइड असते; वनस्पतींच्या चूर्णांतही ते मिसळलेले सापडले आहे. गुण दिसतो यात शंका नाही. चट्टे खरोखरच मावळतात, कारण स्टेरॉइड त्या सगळ्या पत्रव्यवहारावरच झाकण ठेवते. माणूस आनंदाने लग्नात आखूड बाह्यांचा सदरा घालतो. दोन-तीन महिन्यांनी सुई लांबते, किंवा 'आता बरा झालो' म्हणून बंद होते. झाकण एकदम उडते. ज्याला वीस वर्षे केवळ कोपरावर चट्टा होता, त्याच्या अंगभर पू फुटतो. हे सर्वच रुग्णांत होते असे नाही. पण होते तेव्हा ते सुईचे फळ आहे हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही, आणि बहुधा दुसरी सुई शोधली जाते.

मलमांचेही तसेच. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कोंबलेली मलमे औषधाच्या दुकानात साबणासारखी मागितली आणि दिली जात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री निषिद्ध असलेल्या यादीत घातले. आपल्यापैकी औषधाच्या धंद्यात असलेल्या घराण्यांना हा नियम तोंडपाठ आहे. तो किती दुकानांत पाळला जातो, हेही त्यांनाच सर्वाधिक ठाऊक. योग्य मलम, योग्य जागी, योग्य मुदतीसाठी डॉक्टरांनी दिले तर ते उत्तम औषध आहे. जे आधीपासून स्टेरॉइडची गोळी घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून ती आजच बंद करणे हीच सर्वांत वाईट गोष्ट ठरेल. ती हळूहळू, देखरेखीखालीच उतरवायची असते.

तोडगे आहेत, आणि त्यांतील एकाच्या इतिहासात भारतीय नाव आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे कर्करोगावरील औषध १९५१ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले असता त्यांचा सोरायसिस निवळल्याचे दिसले. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आज जगभर सोरायसिसवर वापरले जाते आणि स्वस्तही आहे. एकच गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी : सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. रोजची गोळी समजून ते सलग घेतल्याने प्राण गमावल्याच्या घटना घडल्या आहेत. वार ठरवून तो पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत नातवाने भरताना ते पाकीट वाचावे.

पुढची पिढी चिठ्ठ्याच अडवणाऱ्या औषधांची. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला रोखणाऱ्या अडॅलिम्युमॅबची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कंपनीने २०१४ मध्ये बाजारात आणली. बंगळुरूच्या बायोकॉनच्या इटोलिझुमॅबला भारतात २०१३ मध्ये सोरायसिससाठी मान्यता मिळाली. आयएल-१७ अडवणारे सेक्युकिनुमॅब २०१५ पासून अमेरिकेत वापरात आहे. ते दिल्यावर मन्रो यांच्या त्या वाट्या पहिल्या काही आठवड्यांतच रिकाम्या होऊ लागतात. ही इंजेक्शने महाग आहेत, आणि हाक अडवल्याने खऱ्या जंतूंविरुद्धची हाकही काहीशी क्षीण होते. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी, विशेषतः आपल्या देशात, शरीरात क्षयाचे जंतू दडलेले नाहीत ना याची तपासणी करावी लागते. ती टाळून कोणी इंजेक्शन देऊ केल्यास दुसरा डॉक्टर पाहावा.

ट्युनिशियातील शोधाचे फळ दहा वर्षांनी हाती आले. कुलूप सदैव उघडे राहते हे कळल्यावर कुलूपच झाकणारे स्पेसोलिमॅब हे प्रतिपिंड तयार झाले. पूयुक्त लाटेत सापडलेल्या ५३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. ३५ जणांना शिरेतून औषधाची एकच मात्रा, १८ जणांना औषधविरहित द्रावण. आठवड्याअखेर औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्के रुग्णांच्या अंगावर डोळ्यांना दिसेल असा एकही फोड उरला नव्हता; इतरांत हे प्रमाण ६ टक्के होते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. लक्षणीय गोष्ट अशी, की ज्यांच्या जनुकात ती चूक नव्हती अशा रुग्णांनाही त्याचा गुण आला. म्हणजे त्यांचेही कुलूप उघडेच राहत होते. ते कोणत्या कारणाने, याचा शोध अद्याप चालू आहे.

पू नसलेल्या साध्या सोरायसिसकडेही केवळ कातडीचा विकार म्हणून पाहू नये. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास रुग्णांत हाच दाह पुढे सांध्यांत उतरतो. सकाळी बोटे आखडणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडणे ही त्याची चाहूल. रोजमेळ लिहिताना पेन धरवेनासे झाले तर 'वय झाले' म्हणण्याआधी डॉक्टरांना नखे दाखवावीत.

आणि ज्यांच्या घरी सोरायसिसचा रुग्ण आहे, त्यांनी अंग लाल होऊन फोड उमटताच दोन गोष्टी तत्काळ कराव्यात. ताप मोजून लिहून ठेवावा, आणि फोडांचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, जवळून, मोबाइलवर काढून ठेवावे. हे फोड एक-दोन दिवसांत वाळून जातात. शहरातील मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळून, गाडी ठरवून, रांगेत बसून रुग्ण आत जाईपर्यंत त्यांच्या जागी नुसती कोरडी साल उरलेली असते, आणि समोरचा डॉक्टर विचारतो, 'पू होता, हे नक्की का?'